पोटातल्या सेप्सिसला कुठला स्कोअर लावायचा? मॅनहाइमला माझे साडेतीन स्टार

आयसीयूत नवीन आलेले ज्युनियर सारखं विचारतात, आतडं फुटून सेप्सिस झालेल्या, म्हणजे इन्फेक्शननं अवयव बिघडायला लागलेल्या पेशंटला अपाचे लावायचा, सोफा लावायचा की मॅनहाइम (पेशंट किती गंभीर आहे ते मार्कांत सांगणारे हे स्कोअर), म्हणून एकदाच लिहून टाकते. सगळे फुकट आहेत, फोनवर मिळतात, त्यामुळे पैसे वसूल वगैरे भानगड नाही, रात्री दोनला कामाला कुठला येतो एवढंच बघायचं.

मॅनहाइम पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचं इन्फेक्शन) इंडेक्स, जर्मनीतला, 1987 चा. याचं मला सगळ्यात आवडतं ते हे की रिपोर्टसाठी फारसं ताटकळावं लागत नाही, सर्जननं पोट उघडलं की बराचसा आकडा ऑपरेशन थिएटरातच तयार होतो. समजा पंचावन्नचे एक शेतकरी काका, दोन दिवस गावातच इंजेक्शनं घेत बसले आणि मग ड्युओडिनल पर्फोरेशन (जठरापुढच्या लहान आतड्याला भोक) घेऊन आले. पन्नाशीच्या वर म्हणून 5, चोवीस तासांच्या वर उशीर 4, मोठ्या आतड्यातलं नाही म्हणून 4, पोटभर पसरलंय 6, पू आहे 6, झाले 25. त्यात लघवी तासाला 20 एमएलच्या खाली गेली की ऑर्गन फेल्युअरचे (अवयव निकामी होण्याचे) 7, म्हणजे 32. जास्तीत जास्त 47 होतात. 21 च्या खाली असेल तर जरा हायसं वाटतं, 29 च्या वर गेला की नातेवाइकांना बसवून नीट बोलायचं.

आता दीड स्टार का कापला. एक तर पेशंट बाई असली की सरळ 5 मार्क जास्त, हे मला कधी पटलंच नाही. दुसरं, आपल्याकडे ड्युओडिनम, टायफॉइडनं फुटलेलं आयलियम (लहान आतड्याचं शेवटचं टोक), अपेंडिक्स हेच जास्त येतं, त्यामुळे ते 'मोठ्या आतड्यातलं नाही'चे 4 जवळपास सगळ्यांनाच मिळतात, मग फरक काय कळणार? आणि हा एकदा काढला की काढला, चौथ्या दिवशी टाके लीक होऊन ड्रेनमधून (पोटात ठेवलेल्या नळीतून) हिरवं पित्त यायला लागलं तरी आकडा बिचारा तिथेच.

अपाचे टू 1985 चा, बारा पॅरामीटर, वर वय आणि जुने आजार. पहिल्या चोवीस तासांतली सगळ्यात वाईट व्हॅल्यू धरायची, म्हणजे उत्तर दुसऱ्या दिवशी, शिवाय पेशंट सिडेट करून व्हेंटिलेटरवर असताना जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) किती धरायचा यावर दर वेळी वाद. पोटात पू होता का शी होती याचं त्याच्या मार्कांना सोयरसुतक नाही. ऑडिटला, पेपर लिहायला बरा. तीन स्टार.

सोफाला चार, कारण तो रोज काढता येतो आणि आकडा चढतोय की उतरतोय ते दिसतं, माझ्या मते पोटाच्या पेशंटमध्ये खरी बातमी तीच. पण 1996 च्या मूळ सोफात नॉरॲड (बीपी चढवायचं औषध) मिनिटाला किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की बीपीचे पूर्ण 4. पोट धुऊन आलेला पेशंट बऱ्याचदा त्याच्या वर असतोच, मग 0.15 वाला आणि 0.8 वाला एकाच रांगेत!

वर्ल्ड सोसायटी ऑफ इमर्जन्सी सर्जरीचा 2015 चा 18 मार्कांचा स्कोअर फार कमी लोक वापरतात, वापरा की राव. शॉकमध्ये आला तर 5, पोटातली घाण काढायला उशीर झाला तर 3, इम्युनिटी दबलेली असेल तर 3. आपण राउंडला जे विचारतो तेच विचारतो तो.

"मॅडम, किती टक्के चान्स?" हे तर नातेवाइकांचं रोजचंच. मी आकडा सांगत नाही. शेकडो पेशंटच्या सरासरीतून आलेले टक्के आहेत ते, बेड नंबर चारचे नाहीत, आणि 32 वाले चालत घरी गेलेले मी पाहिलेत.

वापरणार असाल तर युनिट बघून टाका. मॅनहाइमच्या यादीत ऑर्गन फेल्युअरसाठी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) लिटरला 177 मायक्रोमोल असतं, म्हणजे आपल्या लॅबच्या कागदावरचे 2 मिलिग्रॅम.