मी काढून टाकतो ते यांनी बसून काढलंय : फोटोवाल्यांसाठी तीन निवांत ॲनिमे

आषाढी झाली की आमचा धंदा झोपतो. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, कॅमेरे सिलिका जेलची पाकिटं टाकून डब्यात, आणि आपण मे महिन्यातले अल्बम उरकत कॉम्प्युटरसमोर. मागच्या पावसाळ्यात भुसावळहून भाची आली होती, ती म्हणाली मामा कॅमेऱ्यावरचं एक ॲनिमे आहे, लावू का. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून, आणि त्यात नुसती मारामारी आणि आरडाओरडा असं मला वाटायचं. तर तसं काहीच नव्हतं. एक मुलगी, एक गाव, एक छोटा कॅमेरा, बस.

नाव तामायुरा. २०१० मध्ये आधी चार छोटे भाग आले, मग २०११ आणि २०१३ ला टीव्हीवर दोन सीझन, बारा-बारा भागांचे. दिग्दर्शक जुनिची सातो. हिरोशिमा प्रांतात ताकेहारा नावाचं समुद्राकाठचं खरंखुरं गाव आहे, जुन्या लाकडी घरांचं, त्या गल्ल्या जशाच्या तशा उतरवल्यात. आई मागे बसून कोथिंबीर निवडत होती, दोन मिनिटं पाहून म्हणाली, "हाई ते बठ्ठं आपलामायकच शे." (हे तर सगळं आपल्यासारखंच आहे.) खरंच, लाकडी दारं, दुपारची सामसूम, भिंतीवरून उतरत जाणारी सावली, आमच्या आजोळची गल्ली अशीच होती.

गोष्ट अशी की फू सावातारी या मुलीचे वडील वारलेत, तिनं कॅमेरा हातात घेणं सोडलं होतं, मग परत घेतला, आणि वडिलांच्या गावी राहायला आली. कॅमेरा वडिलांचाच, रोलाय ३५ एस नावाचा जुना फिल्म कॅमेरा. आता फोटोवाल्यांनी इथं कान टवकारा, कारण हा कॅमेरा उगाच शोभेला दिलेला नाही. मुठीत मावेल एवढा, ४० एमएमची २.८ ची झोनार लेन्स, ती वापरायची तेव्हा बाहेर ओढायची, फ्लॅशची जागा चक्क खाली, आणि मुख्य म्हणजे फोकस दाखवणारं आत काही नाहीच. समोरचा माणूस किती लांब ते डोळ्यानं ठरवायचं आणि रिंगवर तेवढे मीटर लावायचे. उन्हात एफ ८ ला, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून, तीन मीटरवर लावून ठेवला तर साधारण दोन ते पाच मीटरमधलं सगळं शार्प येतं, त्यामुळे माणसाच्या जवळ जावं लागतं, त्याच्याशी बोलावं लागतं, झूम करून लांबून टिपायचा प्रश्नच नाही. ती मुलगी अशी लाजाळू का आणि तरी सगळं गाव तिला का ओळखायला लागतं याचं अर्धं उत्तर त्या लेन्समध्ये आहे असं मला वाटतं.

आणि आता ते तामायुरा. तिच्या काही फोटोंमध्ये प्रकाशाचे छोटे छोटे पांढरे गोळे येतात, काढणारा आणि समोरचा दोघं खुशीत असले की येतात असं ती आणि तिच्या मैत्रिणी मानतात, त्यालाच त्या तामायुरा म्हणतात. मी ते पाहिलं आणि थांबवलंच. अहो, हे गोळे मी रोज पुसतो! आपल्याकडे मे महिन्यात हळदीला बँड वाजला, पोरं अंगणात नाचायला लागली की माती आणि हळद गुडघ्याच्या वर उठते, त्यात फ्लॅश मारला की लेन्सच्या अगदी जवळचे कण चमकतात, ते फोकसमध्ये नसतात म्हणून गोल पांढरी टिकली होऊन बसते. कॅमेरा छोटा असला, फ्लॅश लेन्सला खेटून असला तर अजून जास्त. एकेका फोटोत तीस-चाळीस टिकल्या असतात आणि मी रात्री एक-एक वाजेपर्यंत एकेक पुसत बसतो, कारण गिऱ्हाईक म्हणतं फोटो खराब आला. आणि इथं कुणीतरी कागदावर कोरी जागा असताना मुद्दाम तोच गोळा काढलाय. ॲनिमेत लेन्स नसते, धूळ नसते, फ्लेअर (लेन्सवर थेट उजेड पडून फोटोत येणारे डाग) आपोआप येत नाही, जे दिसतं ते कुणीतरी ठरवून काढलेलं असतं. मी काढून टाकतो ते यांनी बसून काढलंय, हे डोक्यातून गेलंच नाही माझ्या.

यावरून चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस आठवले. जवळपास पन्नास वर्षं हा माणूस घराबाहेर क्वचितच पडला आणि घरातल्या टेबलावर अख्खी दृश्यं मांडून त्यांचे फोटो काढले. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, जळगाव-धुळ्याकडच्या फोटोवाल्यांनी पाहिलं नसेल तर आधी ते पाहा, ॲनिमे नंतर पाहिलं तरी चालेल. तिथं उभं राहिलं की कळतं फ्रेममधला कण न कण ठेवणारा माणूस कसा असतो.

तामायुरात खटकलं काय तर रडणं जरा जास्त आहे, आणि पार्श्वसंगीत आपल्याला सांगतं की आता गहिवरून या, ते नसतं तरी चाललं असतं. पहिल्या सीझनचे मधले काही भाग मैत्रिणींच्या गप्पांतच जातात. दुसऱ्या सीझनमध्ये ती शाळेत फोटोग्राफी क्लब सुरू करते, तो फोटोवाल्यांना जास्त आवडेल.

दुसरं, गार्डन ऑफ वर्ड्स, २०१३ चं, माकोतो शिंकाईचं, फक्त ४६ मिनिटं. टोकियोतली शिंजुकू ग्योएन बाग आणि पाऊस. याचं कौतुक सगळेच करतात, पण मी एकच गोष्ट सांगतो. यात झाडाखाली बसलेल्या माणसांच्या गालावर, हातावर हिरवा उजेड पडतो, पानांवरून परत आलेला. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत प्री-वेडिंग केलंय ज्यांनी त्यांना हे लगेच कळेल, आत शिरलं की नवरा-नवरी दोघं हिरवे, मग आपण कॉम्प्युटरवर टिंट मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, ओढून ओढून चेहरा जागेवर आणतो. शिंकाईनं तो हिरवा मुद्दाम ठेवलाय, आणि बाग त्या माणसांच्या अंगावर आल्यासारखी वाटते. मी नंतर एका शूटमध्ये अर्धाच हिरवा काढला, अर्धा राहू दिला, आणि फोटो जिवंत वाटला. मात्र गोष्ट म्हणून हे मला तामायुराएवढं लागलं नाही. शेवट घाईत आणि आरडाओरड्यात उरकलाय, आणि चित्रं इतकी चकचकीत की डोळा कुठं टेकतच नाही.

तिसरं, युरू कॅम्प, २०१८ पासून. मुली थंडीत तंबू ठोकून राहतात, शेकोटी पेटवतात, खातात. एवढंच. आपल्याकडच्या भरीत पार्टीसारखं समजा, शेतात काड्यांवर वांगी भाजताना जो धूर तिरप्या उन्हात सोनेरी होतो ना, तसला धूर यात पदोपदी आहे. पहिल्याच भागात एक मुलगी तेव्हाच्या हजार येनच्या नोटेवरचा फुजी पर्वत बघायला सायकलवर मोतोसू तळ्याला येते आणि बाकावर झोपून जाते, उठते तर रात्र झालेली. ढग सरकतात आणि चांदण्यात फुजी. गंमत अशी की नोटेवरचं ते चित्र कोयो ओकादा या फोटोग्राफरनं त्याच तळ्यावरून काढलेल्या फोटोवरून घेतलेलं, म्हणजे फोटोची झाली नोट आणि नोटेनं पोरीला परत त्या जागेवर आणलं. पाचव्या भागात ती आणि तिची मैत्रीण वेगवेगळ्या डोंगरांवरून रात्रीच्या शहराचे फोटो मोबाईलवर एकमेकींना पाठवतात, तो भाग आम्ही दोनदा पाहिला. त्या प्रसंगात बोलणं जवळजवळ नाहीच.

मी सगळं इंग्रजी सबटायटलवर पाहिलं, वाक्यं सोपी आहेत, अडत नाही. मोबाईलवर मात्र पाहू नका, मोठा स्क्रीन घ्या, ट्यूबलाइट बंद करा आणि स्क्रीनचा पिवळा नाईट मोड आधी काढा, नाहीतर सगळे निळे मरतात. सुरुवात तामायुराच्या त्या चार भागांनीच करा, पंधरा-पंधरा मिनिटांचे आहेत. पाचपैकी मी त्याला साडेचार देतो, युरू कॅम्पला चार, गार्डनला साडेतीन.

तामायुराचा शेवट सांगणारे चार चित्रपट २०१५-१६ मध्ये आलेत, ते अजून पाहिले नाहीत. भाची दिवाळीला येतेय, तोवर लावायचे नाहीत असं तिनं बजावलंय.