जुन्या बुलेटची इग्निशन कॉइल: तशीच नवी, मोटारीची, की इलेक्ट्रॉनिक संचासह?

पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करून कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांवर, चालणाऱ्या जुन्या ३५० सीसी बुलेटची, प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल बदलायची म्हटली, की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात साधारण तीन सल्ले मिळतात. पूर्वीच्याच विद्युतरोधाची नवी कॉइल बसवावी, हा पहिला. मोटारीची ‘ताकदीची’ कॉइल लावावी, हा दुसरा. पॉइंट काढूनच टाकावेत आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच त्याच्या जोडीच्या कॉइलसह घ्यावा, हा तिसरा. यांतले पहिले दोन मी माझ्या गाडीवर वापरले आहेत आणि तिसरा एका मित्राच्या गाडीवर दोन पावसाळे जवळून पाहिला आहे. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना वाचकाला त्याची पारख करता येईल: पॉइंट ठेवायचे असतील, तर पूर्वीच्याच रोधाची चांगली कॉइल घ्यावी, जास्त ताकदीची कॉइल हवी असेल, तर पॉइंट सोडण्याची तयारी ठेवावी. या दोहोंच्या मधला मार्ग, म्हणजे पॉइंटही तेच आणि कॉइल मात्र मोटारीची, हा तिन्हींतला सर्वांत महाग पडणारा आहे, जरी तो दुकानात सर्वांत स्वस्त वाटत असला तरी.

मात्र पैसे काढण्याआधी दोष कॉइलचाच आहे का, हे पाहिले पाहिजे. थंड गाडी एका किकला सुरू होते, पंचवीस-तीस मिनिटे चालली की मिस मारू लागते, थांबवून थंड होऊ दिली की पुन्हा निमूट चालते, अशी तक्रार ऐकली की सगळे कॉइलकडे बोट दाखवतात. ते अगदीच चूक नाही, कारण आतल्या गुंडाळीचे इन्सुलेशन उष्णतेने कमजोर झाले की नेमके असेच घडते. पण कंडेन्सर, म्हणजे पॉइंट उघडताना त्यांच्यातली ठिणगी दाबणारा भाग, बिघडला तरी लक्षणे हीच असतात. माझी गाडी वाघबीळच्या चढावर अशीच दगा देऊ लागली, तेव्हा मी नवी कॉइल खिशात घेऊनच गॅरेजमध्ये गेलो होतो. मिस्त्रींनी पॉइंटचे झाकण काढले, गाडी आयडलिंगला ठेवली आणि शटर अर्धे खाली ओढून उजेड कमी केला. पॉइंटच्या तोंडांमध्ये निळी-पांढरी ठिणगी सतत चमकत होती. “मालक, कॉइल न्हाई वो, कंडेन्सर बघा आदी,” एवढेच ते म्हणाले. कंडेन्सर बदलला आणि नवी कॉइल पुढे वर्षभर घरी खोक्यात पडून राहिली.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे आणि तिला एक साधा मल्टीमीटर पुरतो. चावी फिरवून, पॉइंट मिटलेले असताना, आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग कॉइलच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. माझ्या गाडीत बॅटरीवर १२.४ आणि कॉइलवर १०.९ व्होल्ट मिळाले. मधले दीड व्होल्ट जुना इग्निशन स्विच, गंजलेले जोड आणि सैल अर्थिंग यांनी गिळले होते. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे एवढ्या घटीने सुमारे २३ टक्के ऊर्जा वाया जाते. बॅटरीपासून रिलेमार्फत कॉइलला स्वतंत्र वायर दिली आणि अर्थिंगचा जोड खरवडून नीट केला, की ती परत मिळते. याला कोणी ‘अपग्रेड’ म्हणत नाही, हे त्याचे दुर्दैव.

आता मूळ मुद्दा. पॉइंटसाठी बनवलेल्या बारा व्होल्टच्या कॉइलचा प्राथमिक (बॅटरीकडच्या) गुंडाळीचा रोध साधारण ३ ते ४.५ ओहम असतो. चार ओहमच्या कॉइलमधून बारा व्होल्टला ३ अँपिअर प्रवाह वाहतो, तीन ओहमच्या कॉइलमधून ४ अँपिअर, आणि दीड ओहमच्या कॉइलमधून थेट ८ अँपिअर. पॉइंट चार-पाच अँपिअरपर्यंत बिनतक्रार काम करतात; त्यापुढे त्यांच्या तोंडांवरचा धातू एका बाजूने खचू लागतो आणि दुसऱ्या बाजूवर टेकडीसारखा चढू लागतो. मोटारींच्या पुष्कळशा कॉइली या बॅलास्ट रेझिस्टरच्या (प्रवाह आवरणाऱ्या वेगळ्या रोधाच्या) जोडीने किंवा इलेक्ट्रॉनिक युनिटवर चालण्यासाठी बनवलेल्या असल्याने त्यांचा रोध दीड ओहमच्या घरात किंवा त्याहूनही कमी असतो. दुकानातल्या डब्यावर हे लिहिलेले असतेच असे नाही, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतेच असेही नाही.

मला तरी कुठे ठाऊक होते? मी अशीच एक कॉइल हौसेने बसवली. पहिले दोन-तीन दिवस गाडी खरोखरच तरतरीत वाटली आणि मी भेटेल त्याला ते सांगत सुटलो. तीन आठवड्यांत, सहाशे किलोमीटरही झाले नसतील, सकाळी गाडी सुरू होईना. पॉइंट काढून पाहिले तर तोंडे निळसर करपली होती आणि ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असायला हवी ती फट फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पात्यांच्या मापकाने) मोजण्याच्याही पलीकडे गेली होती, कारण खड्डा आणि टेकडी यांच्यामध्ये पाते सरळ बसतच नव्हते. फट बदलली की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, सरकते, त्यामुळे जी तरतरी मी कॉइलची समजत होतो, तिचा थोडा वाटा बहुधा त्या बदलत्या टायमिंगचा असावा.

गंमत म्हणजे, या धोक्याची सूचना बुलेट स्वतःच देत असते. हेडलाइटच्या खोळीवर जो अँपिअरमीटर असतो, त्याच्याकडे किक मारताना आपण सवयीने पाहतोच: डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किक हळूहळू खाली न्यायची, काटा डावीकडून मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले, मग किक वर घेऊन एकदाच जोरात मारायची. तो काटा मध्यापासून डावीकडे जितका झुकतो, तितका प्रवाह कॉइल ओढत असते. मोटारीची कॉइल लावल्यावर माझा काटा पूर्वीच्या दुपटीहून अधिक झुकत होता आणि मी त्याच्याकडे पाहून खूश होत होतो! चावी चालू राहून पॉइंट मिटलेले राहिले, तर आठ अँपिअर म्हणजे जवळपास शंभर वॅटची शेगडी टाकीखाली पेटलेली असते, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

ताकदीच्या कॉइलचा फायदा बुलेटला मुळात किती होतो, याचेही थोडे गणित करण्यासारखे आहे. चार सिलिंडरच्या जुन्या मोटारीत एकच कॉइल चारही प्लगना करंट देते. ४००० आरपीएमला तिला मिनिटाला ८००० ठिणग्या द्याव्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये साडेसात मिलिसेकंद. बुलेटमध्ये त्याच वेगाला मिनिटाला २००० ठिणग्या लागतात आणि मध्ये तीस मिलिसेकंद मिळतात. कॉइल भरायला काही मिलिसेकंद पुरतात; म्हणजे झटपट भरणारी कॉइल ज्या अडचणीवरचा उपाय आहे, ती अडचण एका सिलिंडरच्या या संथ इंजिनाला कधी येतच नाही. ‘चाळीस हजार व्होल्ट’ या जाहिरातीचेही तसेच. प्लगची फट ओलांडली जाईपर्यंतच व्होल्टेज चढते, त्यापुढे नाही. ०.५ ते ०.६ मिलिमीटर फट आणि कमी कॉम्प्रेशन असलेल्या ३४६ सीसीच्या या इंजिनात ते दहा-पंधरा किलोव्होल्टच्या आसपास भागते. उरलेली ऊर्जा ठिणगी थोडी जास्त वेळ टिकवते, ज्याचा उपयोग थंडीतल्या पहिल्या किकला किंवा हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ असताना जाणवतो. तो उपयोग खरा आहे, पण त्याने गाडीची पळण्याची ताकद वाढत नाही.

इलेक्ट्रॉनिक संचाची गोष्ट वेगळी आहे. येथे प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करतो, त्यामुळे करपायला पॉइंटच नसतात, फट सरकत नाही, आणि एकदा लावलेले टायमिंग हजारो किलोमीटर तसेच राहते. मित्राच्या गाडीत हा फरक आयडलिंगला सर्वांत स्पष्ट दिसतो. सिग्नलला उभी असताना तिचे ठोके घड्याळासारखे पडतात. कॉइल मात्र संचासोबतच्या पुस्तिकेत जो रोध सांगितला असेल, त्याच रोधाची हवी, कारण काही युनिटना तीन ओहमच्या वरची लागते आणि काही त्याहून बरीच कमी रोधाची मागतात. मनाने जोडी जमवली, तर कॉइलऐवजी युनिट जळते, आणि ते कॉइलच्या कितीतरी पट महाग असते. शिवाय या संचांना बॅटरी तगडी लागते. व्होल्टेज फार उतरले तर काही युनिट टायमिंग चुकवतात आणि किक उलटी येते. बुलेटची उलटी किक ज्याने घोट्यावर खाल्ली आहे, त्याला अधिक सांगायला नको.

मला या पर्यायाबाबत सर्वांत जास्त विचार करायला लावले ते गगनबावड्याच्या रस्त्याने. पावसात तिथे गाडी बंद पडली आणि दोष पॉइंटचा असला, तर काडेपेटीच्या घासपट्टीने ते पुसून घेता येतात आणि करवतीचे जुने पाते जवळ असेल तर प्लगची फटही अंदाजाने साधता येते. युनिट बंद पडले तर गाडी टेम्पोतच चढवावी लागते. मित्राच्या गाडीवर अजून ती वेळ आलेली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. तरीही त्याने काढलेली पॉइंट प्लेट आणि कंडेन्सर सीटखाली बांधून ठेवले आहेत.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर प्लगची वायर आणि कॅप यांचा विचार तिन्ही पर्यायांत सारखाच करावा लागतो. कॉइल जितकी ताकदीची, तितका करंट जुन्या वायरमधली बारीकशी चीर लवकर शोधतो आणि ओलीतून चॅसीवर उडी मारतो. रात्री दिवा बंद करून इंजिन चालू ठेवले, तर ही गळती डोळ्यांनी दिसते. म्हणून कॉइलसोबत तांब्याच्या गाभ्याची नवी सात मिलिमीटरची वायर आणि रबरी बूच घट्ट बसणारी कॅप घ्यावीच. इलेक्ट्रॉनिक संच असेल तर कॅप पाच किलोओहमची रेझिस्टर कॅप असावी, नाहीतर ठिणगीचा गोंगाट युनिटला गोंधळात टाकतो. कॉइलची टोकेही उलटी जोडू नयेत. बॅटरीचे ऋण टोक चॅसीला असलेल्या गाडीत धन टोक स्विचकडे आणि ऋण टोक पॉइंटकडे जाते. उलटे जोडले तरी गाडी चालते, पण त्याच ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते.

यामाहा आरएक्स १०० वाल्यांनी यातले काहीच आपल्याला लागू करू नये. १९८५ ते १९९६ या काळातली ती गाडी सीडीआयवर, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडणाऱ्या इग्निशनवर, चालते. तिथे कॉइल ऊर्जा साठवत नाही, सीडीआयने दिलेला शेकडो व्होल्टचा झटका फक्त वाढवून पुढे देते, आणि तिचा प्राथमिक रोध जेमतेम एका ओहमच्या आतबाहेर असतो. पॉइंटची कॉइल तिथे लावली तर ठिणगी मरगळते.

तेव्हा रोज शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याने, बॅटरी आणि चार्जिंग धड असल्यास, इलेक्ट्रॉनिक संचाचा खर्च करायला हरकत नाही. पॉइंट घासण्यातून त्याची खरी सुटका होईल. रविवारी रंकाळ्याला चक्कर किंवा जोतिबापर्यंत जाऊन येणे एवढाच वापर असलेल्याला तीन ते साडेचार ओहमची नवी कॉइल, नवा कंडेन्सर आणि नवी वायर एवढे पुरेसे आहे. मोटारीची कॉइल मोफत मिळाली तरी, तिच्यासोबत योग्य बॅलास्ट लावून एकूण रोध तीन ओहमवर नेल्याशिवाय, पॉइंटच्या गाडीला लावू नये. आणि मग लावून तरी काय मिळवले, हा प्रश्न उरतोच.

दुकानात कॉइल घेताना मल्टीमीटर सोबत न्यावा. आधी त्याची दोन टोके एकमेकांना लावून पाहावीत, माझा ०.३ ओहम दाखवतो, तेवढे वजा करून मगच कॉइलचा आकडा धरावा, कारण तीन आणि साडेतीनमधला फरक बराचसा त्या ०.३ मध्येच हरवतो. गेल्या वेळी लक्ष्मीपुरीत मी असा काउंटरवर मोजत बसलो, तर एकाच कंपनीच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांत ३.४ आणि १.६ निघाले. दुकानदाराने चष्मा लावून दोन्ही आकडे पाहिले, दुसऱ्या डब्यावर पेनने ‘कार’ असे लिहिले आणि तो फळीवर वेगळा ठेवला.