कॉम्प की एफएक्स? व्हीएफएक्समध्ये शिरण्याआधी

व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमा-मालिकांच्या संगणकी दृश्य करामतींच्या कामात, जायचं पक्कं झालं तरी पुढची गाडी इथेच अडते. कॉम्पोझिटिंग (कॉम्प) धरायचं की एफएक्स? बरेच क्लासवाले दोन्ही एकाच कोर्समध्ये कोंबतात आणि शोरील, म्हणजे नोकरीसाठी दाखवायचा आपल्या कामाचा छोटा व्हिडिओ, ना धड इकडची होते ना तिकडची.

कॉम्पवाला प्लेट (कॅमेऱ्याने शूट केलेलं मूळ दृश्य), सीजी (संगणकावर बनवलेलं चित्र), धूर, धूळ असं सगळं एकत्र बसवतो आणि ते एकाच कॅमेऱ्याने टिपल्यासारखं भासवतो. हत्यार न्यूक हे सॉफ्टवेअर. एफएक्सवाला आग, पूर, कोसळणारी इमारत सिम्युलेशनने घडवतो. तिथे हूडिनी या सॉफ्टवेअरचं राज्य.

शिरकाव कॉम्पच्या बाजूने सोपा, पण थेट कॉम्पला फ्रेशर क्वचितच घेतात. आधी रोटो (प्रत्येक फ्रेममध्ये माणसाची किंवा वस्तूची कड आखून ती वेगळी काढणं), नाहीतर पेंट (नको ते फ्रेममधून पुसणं). सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला 120. त्यात नायिकेचे केस वाऱ्यावर उडत असतील तर बघायलाच नको. काम किचकट, पण कडा कुठे मऊ, कुठे धारदार हे डोळ्यात भिनतं ते इथेच. खरी अडचण वेगळी आहे. न्यूकमध्ये 2021 पासून कॉपीकॅट नावाचा एआय मदतनीस आहे: मोजक्या फ्रेम करून दाखवल्या की उरलेल्या तो स्वतः करू बघतो. दर वेळी जमतं असं नाही, पण शिडीची खालची पायरी डुगडुगायला लागली आहे. म्हणून मुलाखतीत बिनधास्त विचारा: तुमच्याकडे रोटोमधून कॉम्पला माणसं जातात का, आणि साधारण किती काळात?

एफएक्समध्ये जागा कमी आणि दार जड. व्हेक्टर, थोडं पायथन, हूडिनीची स्वतःची व्हेक्स भाषा, याला पर्याय नाही. रात्रभर चाललेलं सिम (सिम्युलेशन) सकाळी उघडावं तर पाणी टाकीतून भलतीकडेच उडालेलं; मग चूक शोधत बसायचं. इंजिनिअरिंगवाल्यांना यात मजा येते, असं मला तरी दिसलंय. रॅम आणि प्रोसेसर मात्र दणकट लागतो. कॉम्प शिकायला त्यामानाने साधं मशीन चालतं.

डेडलाइनचा जाच दोघांनाही. फरक इतकाच की कॉम्प साखळीच्या टोकाला, त्यामुळे आधीच्या प्रत्येकाचा उशीर तिथे येऊन साचतो. एफएक्सवाल्याला छळतात त्या ‘धूर जरा रागीट करा’ छापाच्या नोट्स. मालिका आणि वेबसिरीजमध्ये वायर पुसणं, आकाश बदलणं, सेट वाढवणं असली कामं जास्त, म्हणून तिथे कॉम्पवाल्याला मागणी.

नोकरीच्या शाश्वतीत दोन्ही सारखेच कच्चे. ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळण्याच्या काही दिवस आधीच, फेब्रुवारी 2013 मध्ये, त्याचं काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या स्टुडिओने दिवाळखोरी जाहीर केली. 2023 मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि कलाकार संपावर गेले, तेव्हा भारतातल्या स्टुडिओंचंही काम आटलं. 2025 च्या सुरुवातीला टेक्निकलर ही बडी व्हीएफएक्स कंपनी कोसळली, तेव्हा बेंगळुरूतली माणसंही रस्त्यावर आली.

माझा कौल: फोटो बघताना प्रकाश कुठून येतोय हे आधी दिसत असेल तर कॉम्प. गणिताची भीती नसेल आणि बिघडलेली गोष्ट उकलण्यात वेळेचं भान राहत नसेल तर एफएक्स. लाखभर फी भरण्याआधी न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती आणि हूडिनी अप्रेंटिस उतरवून घ्या, दोन्ही फुकट आहेत, आणि प्रत्येकात एक शॉट शेवटपर्यंत न्या. अर्धवट दहा शॉट शोरीलमध्ये घालू नका. कॉम्पसाठी आधीची प्लेट आणि नंतरचा शॉट शेजारीशेजारी दाखवा, एफएक्ससाठी दोनच सिम पुरेत. आणि स्टुडिओ ट्रेनिंगच्या नावाखाली बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) पुढे करत असेल, तर मधेच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल ते सहीपूर्वी वाचा.