खोक्यावर ‘४के’, आत एमएस२१०९: स्वस्त एचडीएमआय कॅप्चर स्टिक नक्की किती कामाची?

अंगठ्याएवढी पट्टी, एका टोकाला एचडीएमआयचं भोक, दुसऱ्या टोकाला यूएसबीची पिन. कन्सोलवरचा गेम कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा म्हटलं की शोधात सगळ्यात आधी हीच समोर येते, दर वेळी नवं नाव आणि जवळपास तोच फोटो. आतली चिप मात्र यातल्या पुष्कळ स्टिक्समध्ये एकच असते, एमएस२१०९. म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, या चिपवर चालणाऱ्या सगळ्या स्टिक्सचं आहे. निकाल आधीच सांगून टाकू. ७२०पीला सेकंदाला ६० फ्रेम्स किंवा १०८०पीला ३० फ्रेम्स पुरणार असतील तर बिनधास्त घ्या. १०८०पीला ६० फ्रेम्स हव्या असतील तर हिच्या वाटेला जाऊ नका, कारण कोणतीही सेटिंग बदलून ते तिच्याकडून होणार नाही.

खोक्यावरचा ‘४के’ हा शब्द फक्त आत येणाऱ्या सिग्नलबद्दल आहे. स्टिक ४के ३० चा सिग्नल स्वीकारते, पण कॉम्प्युटरकडे पाठवताना तो १०८०पीवर आणते. ‘६० एफपीएस’ही खरं आहे, पण ७२०पीला. अडचण यूएसबी २.० ची आहे. न दाबलेल्या, म्हणजे कॉम्प्रेस न केलेल्या, वाययूवाय२ फॉरमॅटमध्ये १०८०पीची एक फ्रेम ४१ लाख बाइट्सची होते. सेकंदाला अशा ६० म्हणजे साधारण २ गिगाबिट, आणि यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा आहे ४८० मेगाबिट. त्यामुळे चिप प्रत्येक फ्रेमचा जेपेग करून पाठवते. यालाच एमजेपेग म्हणतात. दाबलेल्या चित्राची किंमत लाल रंगात दिसते: गडद पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं, कमी होत आलेल्या लाइफची लाल पट्टी यांच्या कडा विस्कटतात. गवत, पाऊस, धूर अशा दृश्यांत बारीक चौकटीही दिसू लागतात.

वाययूवाय२ निवडून हा डाग घालवता येत नाही. या चिपवर तो फॉरमॅट १०८०पीला सेकंदाला ५ आणि ७२०पीला १० फ्रेम्सच देतो. ‘चित्र स्लाइड शोसारखं अडखळतं’ ही या स्टिकबद्दलची नेहमीची तक्रार, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आपोआप वाययूवाय२ उचलतं आणि दोष स्टिकच्या माथी जातो.

मग ७२०पी ६० घ्यायचं की १०८०पी ३०? गेम मुळात किती फ्रेम्सला चालतो ते पाहा. डॉकमधल्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमधल्या, निन्टेन्डो स्विचवर ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ ९००पी आणि ३० फ्रेम्सला चालतो. त्याला १०८०पी ३० अगदी फिट्ट बसतं, काहीच गमवावं लागत नाही. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ ६० फ्रेम्सचा आहे. तो ३० ला रेकॉर्ड केला तर प्रत्येक दुसरी फ्रेम गळते आणि वळणावरची सगळी चपळाई निघून जाते. रेसिंग, फायटिंग, शूटिंग असेल तर ७२०पी ६० च. चित्र थोडं मऊ दिसेल, पण हालचाल खरी दिसेल. कोडी, स्ट्रॅटेजी, भरपूर मजकुराचे गेम असतील तर १०८०पी ३०.

जोडणीत सगळ्यात जास्त लोक अडकतात ते लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टपाशी. तो पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो, आत घेण्यासाठी नाही. कन्सोलची केबल थेट त्यात खोचली तर काहीही होणार नाही. केबल स्टिकमध्ये आणि स्टिक यूएसबीत, तीही थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये. वेबकॅम, माइक, बाहेरची हार्ड डिस्क लावलेल्या हबमध्ये स्टिक घातली की बँडविड्थ वाटली जाते आणि फ्रेम्स गळतात. पोर्ट शेजारच्या वायरला खेटत असेल तर यूएसबीची छोटी एक्स्टेंशन केबल वापरा. स्टिक चालताना चांगली तापते, तिच्याभोवती थोडी मोकळी जागा हवीच.

साध्या स्टिकला टीव्हीकडे जाणारा दुसरा एचडीएमआय पोर्ट, म्हणजे पासथ्रू, नसतो. मॉनिटरवरच्या प्रिव्ह्यूकडे बघून खेळता येईल असं वाटतं, पण बटण दाबणं आणि चित्र हलणं यात जाणवण्याइतकं अंतर पडतं. वळणावळणाने चालणारे गेम त्यात निभतात, उड्या मारायचे नाहीत. उपाय म्हणजे एक आत-दोन बाहेर असा एचडीएमआय स्प्लिटर. एक केबल टीव्हीला, एक स्टिकला. स्प्लिटर स्वतःच्या पॉवर ॲडॅप्टरवर चालणारा घ्या, बिनपॉवरचे मध्येच चित्र सोडतात. टीव्ही ४के आणि स्टिक १०८०पी अशा जोडीत कन्सोल गोंधळतो, म्हणून त्याचं रिझोल्यूशन ‘ऑटोमॅटिक’वर न ठेवता हाताने १०८०पी करा. एचडीआर आणि १२० हर्ट्झही बंद. एचडीआर चालू राहिला तर रेकॉर्डिंग धुतल्यासारखं फिकट येतं.

आता काळा पडदा. बहुतेक वेळा कारण एचडीसीपी, म्हणजे सिग्नलवरचं कॉपी-संरक्षण. पीएस५ वर ते चालू असतं. सेटिंग्ज, सिस्टम, एचडीएमआय इथे जाऊन ‘एनेबल एचडीसीपी’ बंद करा. पीएस४ वर हीच सेटिंग थेट सिस्टममध्ये आहे. ती बंद असेपर्यंत सिनेमा-मालिकांची ॲप चालणार नाहीत, तेव्हा रेकॉर्डिंग झालं की परत चालू करायची आठवण ठेवा. एक्सबॉक्स वन आणि सिरीजमध्ये गेम मोकळेच असतात, संरक्षण व्हिडिओ ॲप आणि डिस्कपुरतं. पीएस३ च्या एचडीएमआयवर मात्र ते बंद करायची सोयच नाही. तिथे कंपोनंट केबल आणि ती घेणारं कार्ड लागतं, ही स्टिक उपयोगाची नाही. स्विच डॉकमध्ये असेल तरच चित्र बाहेर देतो, स्विच लाइट तर देतच नाही. पण या स्टिकचं खरं घर म्हणजे डॉकमधला स्विचच, कारण त्याच्या कॅप्चर बटणाने एका वेळी फक्त ३० सेकंदांची क्लिप मिळते.

कन्सोलकडून सगळं ठीक असूनही विंडोजवर पडदा काळा असेल तर प्रायव्हसीतला कॅमेरा विभाग उघडा. विंडोजच्या लेखी ही स्टिक म्हणजे वेबकॅमच, आणि डेस्कटॉप ॲपना कॅमेरा वापरायची परवानगी बंद असेल तर चित्र येत नाही. दुसरं एखादं सॉफ्टवेअर स्टिक धरून बसलं असेल तरी हेच होतं. व्हिडिओ कॉलचं ॲप बंद करून पाहा.

ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ सोर्स जोडा आणि रिझोल्यूशन ‘कस्टम’ करा. १२८० बाय ७२० आणि ६०, किंवा १९२० बाय १०८० आणि ३०. व्हिडिओ फॉरमॅट एमजेपेग, बफरिंग बंद. मग मुख्य सेटिंग्जच्या व्हिडिओ विभागात बेस आणि आउटपुट रिझोल्यूशन आणि एफपीएसही तेच ठेवा. सोर्स ६० चा आणि प्रोजेक्ट ३० चा राहिला तर सगळी मेहनत वाया जाते. आवाजाचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ.

आवाज हा या चिपचा सगळ्यात दुबळा भाग. चिप देते ४८ किलोहर्ट्झचा स्टिरिओ, पण कॉम्प्युटरला स्वतःची ओळख सांगते ९६ किलोहर्ट्झचा मोनो म्हणून. डाव्या-उजव्या बाजूचे नमुने एकाच धाग्यात गुंफले जातात आणि डावं-उजवं असा भेदच उरत नाही. लिनक्स कर्नलमध्ये २०२० साली यावर दुरुस्ती आली, तिथे स्टिरिओ नीट मिळतो. विंडोजवर तपासायचं तर गेममध्ये आवाजाच्या उगमाकडे, धबधबा किंवा रेडिओ काहीही चालेल, डावा खांदा करून उभं राहा आणि ओबीएसच्या मिक्सरमधल्या दोन पट्ट्या पाहा. दोन्ही अगदी एकसारख्या नाचत असतील तर मोनो आहे. फक्त समालोचनासह क्लिप टाकायच्या असतील तर फारसं बिघडत नाही, पण पावलांच्या आवाजावर चालणाऱ्या गेमसाठी हा दोष मोठा आहे.

आवाज अजिबातच नसेल तर पीएस५ चा ऑडिओ फॉरमॅट ‘लिनिअर पीसीएम’ करा. डॉल्बी किंवा डीटीएस स्टिकला उलगडता येत नाही. कंट्रोलरला हेडफोन लावला असेल तर आवाज तिकडे वळलेला असतो, हेही पाहा. चित्र आणि आवाज पुढेमागे होत असतील तर मेन्यूतलं बटण दाबतानाची छोटी क्लिप रेकॉर्ड करा, एडिटरमध्ये फ्रेम मोजा आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मधल्या सिंक ऑफसेटमध्ये तेवढे मिलिसेकंद भरा. आवाज आधी येत असेल तर आकडा धन. ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद.

रंगांसाठी एकच तपासणी पुरते. अंधाऱ्या गुहेत जा. टीव्हीवर भिंतीचे दगड दिसतात आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता काळा डबरा दिसतो, किंवा उलट काळ्याचा राखाडी होतो, तर आरजीबी रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी, जुळत नाही. आधी कन्सोलवर ‘लिमिटेड’ करून पाहा, नाही जमलं तर ओबीएसच्या सोर्समधली कलर रेंज बदला. दोन्ही एकदम बदलू नका, कशाने सुधारलं ते कळत नाही.

रेकॉर्डिंग एमकेव्ही फॉरमॅटमध्ये करा. साध्या एमपी४ मध्ये मधेच वीज गेली तर अख्खी फाइल हातची जाते, एमकेव्हीत तोपर्यंतचं शाबूत राहतं, आणि नंतर ओबीएसच्याच ‘रीमक्स’ने काही सेकंदांत एमपी४ होतो. २० मेगाबिटने तासाला ९ जीबी जागा लागते. डिस्क एफएटी३२ असेल तर ४ जीबीपुढे एक फाइल जाणारच नाही.

१०८०पी ६० हवंच असेल तर एमएस२१३० चिपची यूएसबी ३.० स्टिक पाहा. आकार तोच, पण ५ गिगाबिटच्या वाटेने ती वाययूवाय२ मध्येच ६० फ्रेम्स पाठवते, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडाही सावरतात. पोर्टही यूएसबी ३ चाच हवा. खरेदीत एकच धोका: पिनेतलं प्लास्टिक निळं असलं म्हणजे आत यूएसबी ३ आहे असं नाही. निळ्या पिनेच्या कित्येक स्टिक्समध्ये एमएस२१०९ च निघते. स्टिक आली की लगेच डिव्हाइस मॅनेजर उघडा, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’, तिथे ‘हार्डवेअर आयडीज’. पीआयडीपुढे, म्हणजे उत्पादनाच्या क्रमांकापुढे, २१०९ दिसलं आणि तुम्ही पैसे यूएसबी ३ चे दिले असतील, तर खोकं फाडू नका, परत पाठवा.