दोन गोल सोडून चौकट धरली, त्याला पाच महिने झाले

नागपूरच्या मिहानमधली नोकरी सांभाळून जीमॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करतोय. रोज दीड तास, तोही रात्री जेवणं आटोपल्यावर. या पाच महिन्यांत एकच सवय मुळापासून बदलली. ओव्हरलॅपिंग सेट्सच्या, म्हणजे काही जण एकाच वेळी दोन गटांत मोडतात अशा, शाब्दिक गणितांत एकमेकांवर चढलेले दोन गोल काढायचे सोडले आणि चौकट मांडायला लागलो.

गोलांची सवय शाळेपासूनची. गंमत अशी की 'दोन्ही नाही' वाले लोक गोलांच्या बाहेर कुठेतरी लोंबकळत राहतात आणि घाईत विसरले जातात. चौकटीत त्यांना हक्काचं घर मिळतं. तीन ओळी, तीन रकाने, शेवटची ओळ आणि शेवटचा रकाना बेरजेचा. बस.

आमच्याच ऑफिसवर बेतलेलं उदाहरण घ्या. २०० जण, त्यातले ६० टक्के पुरुष. पुरुषांपैकी २५ टक्के डबा आणतात. एकूण डबेवाले ४५ टक्के. तर डबा न आणणाऱ्या बायका किती? ओळींत पुरुष आणि बायका, रकान्यांत डबा आणणारे आणि न आणणारे. पुरुष १२०, त्यातले डबेवाले ३०. एकूण डबेवाले ९०, म्हणजे डबेवाल्या बायका ६०. बायका एकूण ८०, उरल्या २०. मी पहिल्यांदा २५ टक्के २०० वर काढले, ५० धरले आणि उत्तर ४० आणलं. पर्यायांत असं उत्तर बहुतेक वेळा तुमची वाट पाहत बसलेलं असतं.

इथेच मला खरा फायदा झाला, आणि तो चौकटीचा नव्हे, मराठीचा. इंग्रजी वाक्य मनात मराठीत फिरवायचं आणि 'पैकी' कशाला चिकटतो ते बघायचं. 'पुरुषांपैकी' असेल तर १२० वर टक्के, 'सगळ्यांपैकी' असेल तर २०० वर. एकूण आकडा दिलाच नसेल तर १०० धरायचा. माझ्या निम्म्या चुका एवढ्यानेच गेल्या.

चौकट सगळ्यात जास्त कामी आली डेटा सफिशियन्सीत, म्हणजे दिलेली माहिती उत्तराला पुरते का एवढंच ठरवायच्या प्रश्नांत. नऊ घरांपैकी चार स्वतंत्र आकडे मिळाले की बाकीचे आपोआप भरतात. स्वतंत्र हे महत्त्वाचं, कारण पुरुष, बायका आणि एकूण हे तीन दिसले तरी माहिती दोघांचीच असते. नेमकं विचारलेलं एखादं घर कधीकधी चारांच्या आधीच सापडतं, तेही डोळ्यांना दिसतं. उत्तर काढत बसावं लागत नाही.

आता तक्रार. तीन गट आले की ही चौकट हात टेकते. मित्राला विचारलं तर म्हणाला, "कायले एवढा त्रास करून घेतं बे, सूत्र पाठ कर!" केलं: एकूण म्हणजे तिन्ही गटांची बेरीज, वजा जोड्यांची बेरीज, अधिक तिन्हीत असणारे. मग १०० जणांचं गणित आलं: तर्री पोहे ६०, समोसा ५०, चहा ७०, प्रत्येकाने काही तरी घेतलंच, आणि नेमके दोनच पदार्थ घेणारे ४०. मी सूत्रात ४० वजा केले आणि तिन्ही घेणारे उणे ४० आले. उणे ४० माणसं! ते सूत्र जोड्यांच्या बेरजेचं होतं, ज्यात तिन्ही घेणारेही तीनदा मोजलेले असतात. इथे दिलेले होते नेमके दोन घेणारे. निदान उणं आलं म्हणून कळलं तरी.

आता सूत्र आठवतच नाही. नोंदी १८०, माणसं १००, म्हणजे ८० नोंदी जास्तीच्या. दोन घेणाऱ्याची एक जास्तीची, तीन घेणाऱ्याच्या दोन. ८० मधून ४० गेले, उरलेल्या ४० चे निम्मे २०. झालं. जास्तीत जास्त-कमीत कमीचे प्रश्न मात्र अजूनही मला जड जातात. १०० पैकी ७० आणि ६० असतील तर दोन्हीत किमान ३०, हे साधं आहे. तीन गटांत मात्र मी हमखास अडखळतो.

वेळेचं म्हणाल तर क्वांटमध्ये, म्हणजे परीक्षेच्या गणिताच्या भागात, ४५ मिनिटांत २१ प्रश्न, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटंही नाहीत. चौकट काढायला सुरुवातीला मला अर्धं मिनिट लागायचं, आता पाच-सात सेकंद.

परीक्षा केंद्रावर कागद-पेन नसतो, लॅमिनेटेड वही आणि मार्कर मिळतो. जाड टोकाने छोटी चौकट पार बरबटते, म्हणून घरीही तसाच सराव हवा. सीताबर्डीला एका झेरॉक्सवाल्याकडे पाच कोरे कागद दिले, लॅमिनेट करून द्या म्हटलं. त्याने प्रत्येक कागद उलटून पाहिला. "भाऊ, याच्यावर तर काहीच नाही."