शाळेतील संगणकांची देखभाल: बाहेरची एजन्सी की आपला माणूस?

संगणक कक्ष, वर्गातील इंटरॅक्टिव्ह पॅनेल, कार्यालयातील प्रिंटर आणि इंटरनेट यांची देखभाल वार्षिक कराराने एजन्सीकडे द्यावी, की त्यासाठी शाळेने स्वतःचा तंत्रज्ञ नेमावा, हा प्रश्न सातारा जिल्ह्यातील अनेक शाळा व्यवस्थापनांपुढे आहे. त्याचा निर्णय बहुतेक वेळा दरपत्रक पाहूनच होतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: बिघाड झाल्यावर दुरुस्त करणारा माणूस किती वेळात शाळेत पोहोचेल, आणि शाळेचे पासवर्ड व विद्यार्थ्यांची माहिती कोणाच्या ताब्यात राहील.

खर्चाच्या बाजूने एजन्सी स्वस्त वाटते, कारण वर्षभराच्या पगारापेक्षा एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) रक्कम बरीच कमी असते. मात्र त्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि शालेय शिक्षणाची सेवा करमुक्त असल्याने शाळेला तो वजावट म्हणून परत मिळत नाही. शिवाय साध्या करारात केवळ मजुरी धरलेली असते, सुट्या भागांचे बिल वेगळे येते. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत बदलावी लागते आणि ती बहुतेक करारांतून वगळलेली असते. विजेमुळे झालेले नुकसानही पुष्कळदा वगळलेले असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात राउटर आणि नेटवर्क स्विच जळतात, म्हणजे जे हमखास बिघडते तेच कराराबाहेर राहते. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांना तर ही रक्कमही जड जाते. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांनुसार 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि वीजबिलापासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सारे त्यातच भागवावे लागते.

सातारा किंवा कराड शहरात एजन्सीचा माणूस त्याच दिवशी येऊ शकतो. कासमार्गे बामणोलीकडील किंवा पाटणच्या खोऱ्यातील शाळेसाठी मात्र त्या भागातील चार-पाच तक्रारी साठल्यावरच फेरी निघते, आणि तोपर्यंत कक्षाला कुलूप लागते. यातले बरेचसे बिघाड अगदी किरकोळ असतात. पावसाळी दमटपणाने संगणक सुरू होत नसेल, तर वीज बंद करून रॅम (मेमरीची पट्टी) काढावी, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि ती परत घट्ट बसवावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणकाची तारीख मागे जाते आणि इंटरनेट चालू असूनही यू-डायस किंवा सरलचे (शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीचे सरकारी) पोर्टल उघडत नाही. एवढे ज्याला माहीत आहे असा एक शिक्षक किंवा लिपिक शाळेत असेल, तर कोणत्याही करारापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

स्वतःचा तंत्रज्ञ नेमण्यालाही मर्यादा आहेत. पंधरा-वीस संगणकांच्या शाळेत त्याला दिवसभराचे काम नसते, त्यामुळे तो हळूहळू पोर्टल भरणारा दुसरा लिपिक होतो. तो नोकरी सोडून गेला की सारी माहितीही त्याच्याबरोबर जाते. पण एजन्सी गेल्यावरही हीच अडचण येते. केंद्र सरकारच्या 2004 च्या आयसीटी (शाळांतील संगणक शिक्षणाच्या) योजनेत बूट पद्धतीने, म्हणजे ठरावीक मुदत स्वतः चालवून मग यंत्रे शाळेला देण्याच्या बोलीवर, खासगी कंपन्यांनी संगणक आणि निदेशक पुरवले. पाच वर्षांची मुदत संपल्यावर यंत्रे शाळेकडे आली, निदेशकाचे काम मात्र थांबले. तोवर जुन्या झालेल्या यंत्रांकडे पाहणारे अनेक शाळांत कोणीच उरले नाही.

माहितीच्या बाबतीत मात्र मला कोणतीही तडजोड मान्य नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि माहिती हाताळण्याचे काम कंत्राटदाराला दिले तरी जबाबदारी ते काम देणाऱ्या संस्थेचीच राहते. म्हणून शालार्थ (पगाराची सरकारी प्रणाली), यू-डायस आणि सरलचे पासवर्ड एजन्सीला देऊ नयेत, दुरून संगणक हाताळण्याची एनीडेस्कसारखी सोय कायम चालू ठेवू नये, आणि बॅकअपची हार्ड डिस्क मुख्याध्यापकांच्या कपाटातच असावी. विक्री आणि देखभाल एकाच दुकानाकडे असेल तर त्याचा सल्लाही तपासून घ्यावा. विंडोज 10 ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले, तेव्हा जुनी यंत्रे टाकून नवी घेण्याचा सल्ला सर्रास मिळतो. पण त्यातील बऱ्याच यंत्रांवर लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली व्यवस्थित चालते.

या दोहोंमधला एक मार्ग मला जिल्ह्यासाठी सर्वांत योग्य वाटतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक शाखांच्या संस्थेला जवळच्या आठ-दहा शाखांसाठी एक तंत्रज्ञ नेमता येईल. जिल्हा परिषदेच्या शाळांना हेच केंद्रस्तरावर, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटासाठी, करता येईल. शहरातील एकट्या शाळेने एजन्सीशी करार करावा, पण तो केवळ यंत्रांपुरता. त्यात माणूस किती तासांत येईल हे लिहून घ्यावे, शाळा उघडण्यापूर्वीची संपूर्ण तपासणी धरावी, आणि नेटवर्कची रचना व सर्व पासवर्ड लेखी मिळाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.