गावाकडच्या शेतासाठी जनरल पॉवर द्यावी की खास?

नोकरी सुरतेला आणि शेत अमळनेरकडे, आपल्याकडे हे घरोघरी आहे, म्हणून लिहितोय. पॉवर म्हणजे मुखत्यारपत्र, आपल्या वतीने कामं करायचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार; दोन्ही पॉवर मी वापरल्यात.

जनरलची सोय मोठी, यात वाद नाही. एकदा नानांच्या, म्हणजे चुलत्यांच्या नावाने करून दिली की सोसायटी, पीकविमा, पंचनामा, कापूस विकणं सगळं तेच बघायचे, सुट्टी टाकून भुसावळ गाडी पकडायची गरज नाही. खास पॉवर एका कामापुरती, मोजणी झाली की अधिकार संपला, पुढच्या कामाला परत नवा कागद. फी भरणं, नोटीस घेणं अशा सोबतच्या गोष्टी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १८८ मध्ये धरलेल्या असतात, तरी मी त्या लिहूनच घेतो, टेबलावरच्या माणसाला कागदात शब्द दिसावा लागतो.

माझं खरं ठरलं ते जनरल रद्द करताना. नाना धुळ्याला मुलाकडे राहायला गेले, मनात काही नाही, रद्दचा कागदही लगेच झाला. पण त्याच कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे समोरच्याला कळेपर्यंत त्याच्यापुरता जुना अधिकार चालूच राहतो! मग बँक, सोसायटी, जिनिंग, कृषी केंद्र, एकेकाला पत्र द्या, पोच घ्या. कृषी केंद्रात पत्र पोचायच्या आधीच नानांनी सवयीने फोन करून माल उचलायला लावला होता, दुकानदाराने वही पुढे केली, आमच्या खात्यावर युरियाच्या गोण्या, तारीख रद्द झाल्यानंतरची. त्याचं काही चुकलं नव्हतं, पैसे मी भरले. त्या कलमाखालचं उदाहरणही कापसाचंच आहे, मद्रासचा मालक, माल मुंबईच्या गोदामात, एजंटचा विक्रीचा अधिकार काढल्याचं गिऱ्हाइकाला माहीत नाही, त्याने एजंटला पैसे दिले, एजंट पळाला, तरी गिऱ्हाइकाने दिलेले पैसे मालकाला मान्य करावेच लागतात.

ज्यांना वर्षानुवर्षं येणंच जमत नाही त्यांना कदाचित जनरलच बरी पडेल, फक्त विक्री आणि गहाण त्यात घालू नका. आणि कोणी जनरल पॉवरवर शेत विकत देत असेल तर नुसत्या त्या कागदाने मालकी येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

मी आता चुलत भावाला मोजणीची वेगळी आणि वीज कनेक्शनची वेगळी देतो, धावपळ होते पण डोक्याला ताप नाही. एक मात्र बघा, देणारा वारला की साधारणपणे दोन्ही पॉवर संपतात, तेव्हा सातबारा अजून वडिलांच्या नावावर आणि पॉवर त्यांनीच दिलेली असेल तर अर्धवट कामं आधी उरकून घ्या.